आमची वाटचाल: बोर्ड बंद पडला तर टाकीचं काय?

आमच्या कामाची सुरुवात एका तापलेल्या टाकीपासून झाली. माझ्या भागीदाराच्या घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी होती. एका रात्री हीटरचा थर्मोस्टॅट चिकटला आणि हीटर सकाळपर्यंत चालूच राहिला. दोन मासे वाचले, प्रवाळ सगळं गेलं. पाण्याचं तापमान बघणारं आणि वेळ आली तर हीटरची वीज तोडणारं यंत्र आपणच बनवायचं, असं आम्ही त्याच दिवशी ठरवलं. विकायचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता.

पहिला बोर्ड रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक होता. २०१२ पासून तो लोकांच्या हातात होता, कुठे अडलं तर उत्तर मिळायचं आणि त्यावर चालणारी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टम आम्हाला येत होती. तापमानासाठी डीएस१८बी२० हा सेन्सर घेतला. तो स्टीलच्या नळीत बंद मिळतो. ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर लावला की एकाच तारेवर असे कितीतरी सेन्सर बसतात, कारण प्रत्येकाला स्वतःचा ६४ बिटांचा क्रमांक असतो. दोन संध्याकाळींत पडद्यावर आकडे दिसायला लागले.

मग एकदा मध्येच ८५ अंश दिसलं. सेन्सरला नुकतीच वीज मिळालेली असेल आणि मोजणी पुरी व्हायच्या आत वाचलं, तर तो ८५ हाच आकडा देतो. आमच्या प्रोग्रॅमने तो खरा मानून पाणी थंड करणारे सगळे पंखे सुरू केले. तेव्हापासून एका वाचनावर आम्ही काहीही चालू-बंद करत नाही.

पुढचा धडा रिलेने, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर पंप-हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचने, दिला. बोर्ड सुरू होत असताना, आपला प्रोग्रॅम चालायच्या आधी, पायच्या ० ते ८ क्रमांकाच्या जीपीआयओ पिना (बाहेरची उपकरणं जोडायच्या पिना) आतून वर, म्हणजे व्होल्टेजकडे, ओढलेल्या असतात आणि ९ ते २७ खाली, म्हणजे शून्याकडे. बरेच रिले बोर्ड पिन खाली गेली की चालू होतात. म्हणजे कुठला रिले कुठल्या पिनेवर लावला, यावर सुरुवातीच्या त्या अर्ध्या मिनिटात काय चालू राहील हे ठरतं. हे कळेपर्यंत आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसलो होतो.

मग पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे, ते मोजायची वेळ आली. रास्पबेरी पायला अॅनालॉग इनपुट, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज थेट मोजायची सोय, नाही, म्हणून आम्ही बीगलबोन ब्लॅक या दुसऱ्या बोर्डाकडे वळलो. त्यात सात अॅनालॉग इनपुट आहेत, साठवणीची मेमरी बोर्डावरच आहे आणि वेळेची कामं अचूक करणारे दोन छोटे प्रोसेसर वेगळे आहेत. कागदावर तो आमच्या कामासाठीच केल्यासारखा वाटला. पण ते इनपुट १.८ व्होल्टपर्यंतच चालतात आणि खरी अडचण तर त्याच्याही अलीकडे होती. पीएचचा प्रोब २५ अंशांना एका पीएचमागे जेमतेम ५९ मिलिव्होल्ट देतो, तेही इतक्या क्षीण ताकदीने की जवळच्या पंपातून गळणारी वीज त्यात सहज मिसळते. पंप चालू केला की आकडा उडी मारायचा, बंद केला की जागेवर यायचा. प्रोबचं सर्किट विजेच्या दृष्टीने बाकीच्यांपासून पूर्ण तोडलं, त्याला व्होल्टेज मोजून आकडा देणारी एडीएस१११५ ही वेगळी चिप दिली आणि आकडा स्थिर झाला. ही चिप आयटूसी या चिपा जोडायच्या सर्रास पद्धतीवर चालते, म्हणजे कुठल्याही बोर्डाला जोडता येते. बोर्डात काय काय आहे याची यादी बघून निवड करणं आम्ही तिथेच सोडलं.

तोवर ओळखीतल्या लोकांना आम्ही काही यंत्रं बनवून दिली होती. त्यातलं एक ग्राहक बाहेरगावी असताना बंद पडलं. वीज तीन-चारदा गेली-आली, मेमरी कार्डावरची फाइल सिस्टम बिघडली आणि बोर्ड पुन्हा उठलाच नाही. टाकीतलं पाणी फिरवणारा पंप आम्ही रिलेच्या अशा बाजूला जोडला होता की रिलेला आज्ञा मिळाली तरच तो चालेल. आज्ञा देणारं कुणी उरलं नाही. पाणी थांबलं, प्राणवायू संपला. ते घरी परतले तेव्हा टाकीत काही उरलं नव्हतं. त्यांना फोनवर काय सांगावं हे मला सुचलं नाही. आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो, टाकी रिकामी करायला मदत केली आणि नवी यंत्रं देणं थांबवलं.

त्यानंतरचे कित्येक महिने एकाच प्रश्नावर गेले: बोर्ड मेला तर टाकी कुठल्या स्थितीत राहील? पंप रिलेच्या एनसी (आज्ञा नसताना जोडलेल्या) बाजूला गेला, म्हणजे रिले मेला तरी पंप चालू. हीटर आणि पाण्याची भर घालणारी मोटर एनओ (आज्ञा नसताना तुटलेल्या) बाजूला, म्हणजे रिले मेला की बंद. पाणी हळूहळू थंड होतं, तेवढ्यात माणूस पोचू शकतो. रिलेचे कॉन्टॅक्टही चिकटतात, म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट काढला नाही, एक अंश वर लावून ठेवला. आता दोन्ही एकाच वेळी चिकटले तरच पाणी तापेल. कार्ड फक्त वाचण्यापुरतं केलं, नोंदी मेमरीत ठेवल्या आणि बोर्ड अडकला तर तो आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग चालू केला.

तरीही लिनक्सवर पंप सोपवायला मन घेईना. २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको हा एकच प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड आला आणि आम्ही कामाची वाटणी केली. त्याला कार्ड नाही, ऑपरेटिंग सिस्टम नाही, वीज आली की क्षणात कामाला लागतो. तापमान, पंप, पाण्याची पातळी आणि दिव्यांची वेळ त्याच्याकडे दिली, सोबत बटन सेलवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ. आधीच्या पायवर घड्याळ नव्हतं (ते पाय ५ मध्ये, २०२३ साली आलं), त्यामुळे इंटरनेट नसताना वीज येऊन-जाऊन झाली की दिवे भलत्याच वेळी लागायचे. मोठ्या बोर्डाकडे आता आलेख, नोंदी आणि मोबाइलवरची सूचना एवढंच राहिलं. पुढे चिपांच्या टंचाईत लिनक्सचे बोर्ड मिळेनासे झाले, तेव्हा या वाटणीनेच आम्हाला तारलं. जो बोर्ड हाती लागला तो बसवला, टाकीला फरक पडला नाही.

घरच्या टाकीसाठी स्वतः कंट्रोलर बनवणारे आम्हाला विचारतात, कुठला बोर्ड घेऊ? रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या बोर्डाची ५१२ एमबी मेमरी या कामाला पुरते. पाय ५ ला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अॅडॉप्टर लागतो आणि टाकीखालच्या बंद, दमट कपाटात हा बोर्ड जास्त तापतो. प्रोग्रॅम लिहायचा नसेल तर रीफ-पाय हे मुक्त सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर चालतं, तेही चांगलं आहे. पण वाचलेले पैसे दुसऱ्या तापमान सेन्सरवर आणि चांगल्या रिलेंवर घाला, असं आम्ही आवर्जून सांगतो.

आज प्रत्येक यंत्र पाठवण्याआधी पाण्याने भरलेल्या टबावर दोन दिवस चालतं. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या बोर्डाचं कार्ड चालू असतानाच उपसून काढतो. दुसऱ्या दिवशी पिकोचीही वायर काढतो आणि टबाशेजारी बसून बघतो: पंप चालू आहे, हीटर बंद आहे. मग ते यंत्र खोक्यात भरतो.