सेट झालं का?

आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं, त्यामुळे 'सेट' हा शब्द मला इंग्रजी वाटतच नाही. गवंडी तोच बोलतो, मुकादमही तोच. फक्त सेट होणं म्हणजे मजबूत होणं, ही समजूत काही केल्या जात नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटचा सुरुवातीचा सेट, म्हणजे पाणी घालून कालवलेलं सिमेंट घट्ट व्हायला लागणं, 30 मिनिटांच्या आत येऊ नये आणि शेवटचा 10 तासांपलीकडे जाऊ नये, असं भारतीय मानक सांगतं. ताकद त्यानंतर कितीतरी दिवस वाढत राहते, म्हणून तर क्यूब, म्हणजे काँक्रीटचा नमुन्याचा ठोकळा, 28 दिवसांनी फोडून बघायचा. सिमेंट दळताना जिप्सम घालतात तेही सेट लांबवायलाच. नाहीतर पाणी पडल्या पडल्या माल घमेल्यातच धरून बसेल.

शेजारी पाइल, म्हणजे पायासाठी जमिनीत घालायचे खांब, ठोकणाऱ्यांचा सेट निराळाच. हातोड्याच्या एका घावाला पाइल किती खाली गेली, तो सेट. सहसा शेवटच्या दहा घावांची सरासरी काढतात, आकडा ठरल्याइतका लहान आला की ठोकणं बंद. म्हणजे इकडे जागचं हललं नाही तर सेट, तिकडे हललं तेवढा सेट! सुताराच्या करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात, त्या वाकालाही इंग्रजीत सेटच म्हणतात. त्यानं चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि करवत लाकडात अडकत नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत 'सेट'चे 430 अर्थ होते, नोंद सुमारे 60,000 शब्दांची. पुढे 'रन'नं त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले. मला 'सेट'बद्दल उगाच वाईट वाटलं.

कपबश्यांचा सेट मात्र मूळचा या घरातला नाही. आमच्या साइटवरचा सेट 'बसवणे' अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा. समूहाचा सेट आला जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागे लॅटिन 'सेक्ता', म्हणजे अनुयायांचा गट. पुढे दोघांची अशी सरमिसळ झाली की आता वेगळे काढणं अवघड.

आणि लग्न जमवताना 'मुलगा पुण्यात सेट आहे' म्हणतात तो? तो बहुधा 'सेटल'चा शेंडा छाटून आपणच केला. माझी बहीण तर फ्लॅट असेल तरच मुलाला सेट म्हणते, भाड्याचा चालत नाही.