आईच्या चितेला अग्नी कोण देणार?

राखेच्या बुधवारच्या (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचा शनिवार आमच्या वसईतल्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मुलाखतींचा असतो. दीक्षार्थी म्हणून शिकत असलेल्या प्रौढांना येत्या ईस्टरला बाप्तिस्मा द्यायचा की अजून थांबायचं, हे त्या दिवशी ठरतं. फादर, एक सिस्टर, त्या दीक्षार्थ्याचा नियोजित धर्मपिता किंवा धर्ममाता (बाप्तिस्म्याला पाठीशी उभं राहणारी आणि पुढे श्रद्धेत सोबत करणारी व्यक्ती), आणि वर्ग घेणारा म्हणून मी, असे आम्ही बसतो. आठ दिवसांनी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, निवडविधी असतो आणि तिथे नावं नोंदवली जातात. नाव लिहिल्यावरही कुणाला थांबावंसं वाटलं तर अगदी ईस्टरच्या रात्रीपर्यंत थांबता येतं. पण एव्हाना घरी कळलेलं असतं, कपडे शिवायला टाकलेले असतात, आणि माणसाला 'नको' म्हणणं जड जातं. म्हणून जे बोलायचं ते या शनिवारी.

प्रश्नोत्तरं पाठ झाली, प्रार्थना तोंडपाठ झाल्या की तयारी झाली असं अनेकांना वाटतं. प्रौढांच्या बाप्तिस्म्याबद्दल चर्चचा कायदा त्याहून जास्त मागतो. इच्छा त्या माणसाने स्वतः बोलून दाखवलेली असावी, श्रद्धेची सत्यं आणि ख्रिस्ती जीवनाची कर्तव्यं त्याला पुरेशी शिकवलेली असावीत, दीक्षाकाळात त्याच्या जगण्याची पारख झालेली असावी, आणि आपल्या पापांबद्दल त्याला पश्चात्ताप असावा. शिकवलेलं तपासायला अर्धा तास पुरतो. जगण्याची पारख करायला मात्र सणवार, आजारपणं, पगार थकलेले महिने, घरातली भांडणं असं सगळं त्या माणसावरून जाऊ द्यावं लागतं. त्यामुळे पावसाळ्यात यायला लागलेल्या माणसाला नाताळात बाप्तिस्मा, असं आम्ही करत नाही.

मुलाखतीत आम्ही साधंच विचारतो. रविवारी घरी पाहुणे आले तेव्हा मिस्सेचं (चर्चमधल्या उपासनेचं) काय केलंस? एकटा असताना प्रार्थना कधी करतोस आणि किती दिवस चुकते? मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय सलग वाचलेस का, आणि त्यातलं काय पटलं नाही? ज्याला काहीच खटकलं नाही, त्याने लक्ष देऊन वाचलेलं नाही असं मी धरतो. कुणाशी अबोला आहे का, कुणाचे पैसे द्यायचे आहेत का? पूर्वीचं लग्न, घटस्फोट, सोडलेली बायको हे प्रश्न मात्र शनिवारपर्यंत ठेवायचेच नसतात. ते पहिल्या महिन्यात विचारायचे, कारण त्यांची कागदपत्रं बिशप हाउसमधून (बिशपांच्या कार्यालयातून) सुटायला कधी कधी वर्ष जातं.

सगळ्यात नाजूक भाग हेतूचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्यावर जो दस्तऐवज काढला, त्यात कुणावरही श्रद्धेसाठी बळजबरी करायला किंवा भलत्या मार्गाने आकर्षित करायला सक्त मनाई आहे. त्याच परिच्छेदात, येणाऱ्याचे हेतू तपासा आणि गरज असेल तर ते शुद्ध होऊ द्या, असंही म्हटलं आहे. पहिला हेतू कच्चा असला म्हणून माणूस परत पाठवायचा नसतो. कुणी आजार बरा झाला म्हणून येतो. त्याला आम्ही एखादी प्रार्थना अनुत्तरित राहीपर्यंत तरी थांबवतो, कारण खरी परीक्षा तिथे होते. कुणी घरच्यांवरच्या रागातून येतो. तो राग निवला की चर्चही सुटतं. शाळेतला प्रवेश किंवा नोकरी मनात असेल तर तसं काही मिळणार नाही हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगायचं. अनुसूचित जातीचा दाखला असलेल्या माणसाला तर सुरुवातीलाच सांगावं लागतं की १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच ते आरक्षण आहे, ख्रिस्ती झाल्यावर ते राहत नाही. बाप्तिस्म्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत होतेच. ती टाळून देतो असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा, हेही त्याच वेळी सांगतो.

आणि कुणी लग्नासाठी येतो.

गेल्या वर्षीच्या त्या शनिवारी बाकीच्यांचं लवकर आटोपलं. शेवटी आला तो कराडकडचा एक तरुण, इथल्या एका कारखान्यात सुपरवायझर. आमच्याच धर्मग्रामातल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं, तारीख ईस्टरनंतरच्या आठवड्यातली. हजेरी चोख. पहिली पाळी असली की तो सायंकाळच्या वर्गाला तेलाचे हात धुऊन थेट यायचा. 'मी विश्वास ठेवतो' ही श्रद्धाघोषणा त्याला अर्थासकट येत होती. नियोजित धर्मपिता म्हणून मुलीचे काका बरोबर आले होते.

सिस्टरांनी पहिल्यांदा काकांना बाहेर बसायची विनंती केली. कायद्याने धर्मपिता सोळा वर्षांचा, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा एक संस्कार) झालेला, श्रद्धेने जगणारा कॅथलिक असावा, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याचा आई किंवा बाप नसावा असं आहे. सासरचा माणूस चालतो. पण सासरच्या माणसासमोर कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्या दिवशी तेच झालं असतं.

काका बाहेर गेल्यावर फादरांनी विचारलं, "उद्या हे लग्न मोडलं, तर पुढच्या रविवारी तू कुठे असशील?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मिस्सेला येईन, फादर. पण बाप्तिस्म्याचं सांगता येत नाही."

हे उत्तर प्रामाणिक होतं. मागचा माणूस किती खरा आहे ते यातून कळलं. मग फादरांनी त्याला पुन्हा तेच समजावलं, जे त्याला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं आणि मुलीच्या घरी मात्र कुणी मान्य करायला तयार नव्हतं: चर्चमध्ये लग्न करायला बाप्तिस्मा घ्यावाच लागतो असं नाही. कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांच्या विवाहाला चर्चच्या कायद्याचा अडथळा आहे, पण बिशप त्यातून सूट देतात. कॅथलिक बाजूने लिहून द्यायचं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व त्यांचं कॅथलिक संगोपन यासाठी मला शक्य ते सगळं करीन. दुसऱ्या बाजूला या वचनाची कल्पना द्यायची. त्याने स्वतः काही वचन द्यायचं नसतं. देशाच्या कायद्यातही अडचण नाही, कारण १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न लागतं.

मग मुलीच्या घरचे अडून का होते? कारण अशा लग्नात मिस्सा होत नाही. शास्त्रवाचन, प्रवचन, वचनांची देवाणघेवाण, अंगठ्या, आशीर्वाद एवढाच विधी असतो. दोघांनी वेदीसमोर मिळून ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घेणं त्यात नाही. वसईत लग्नाच्या मिस्सेला सगळं गाव असतं, तिथे मिस्सा नाही म्हणजे काहीतरी कमी पडलं, असं नातेवाइकांना वाटतं. ही भावना मी समजू शकतो. पण त्या एका तासासाठी कुणाचा बाप्तिस्मा घाईने उरकणं मला अजिबात मान्य नाही. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुसता येत नाही आणि परत देता येत नाही.

सूट मिळते हे पुन्हा ऐकल्यावर त्याचा चेहरा सैल झाला, आणि मग त्याने जे विचारलं ते वर्गात कधी कुणी विचारलं नव्हतं.

"फादर, मी एकुलता एक. वडील गेलेत. आई गेली तर तिला अग्नी कोण देणार?"

खोलीत कुणीच लगेच बोललं नाही. हाच तो प्रश्न होता. त्रैक्य काय, मरिया कोण, पोप कशासाठी, हे सगळं तो शिकला होता. पण ख्रिस्ती होणं म्हणजे कराडच्या घराच्या उंबऱ्यावर आपलं नेमकं काय बदलेल, हे त्याने त्या क्षणी पहिल्यांदा मोठ्याने बोलून दाखवलं.

फादरांनी तुकड्यातुकड्याने उत्तर दिलं. आईची सेवा, शेवटचं आजारपण, खांदा देणं, स्मशानात पुढे उभं राहणं हे मुलाचं कर्तव्य आहे आणि बाप्तिस्म्याने ते सुटत नाही, उलट 'आईबापांचा मान राख' या चौथ्या आज्ञेने ते जास्त बांधून ठेवतं. दहनाला कॅथलिक चर्चचा १९६३पासून विरोध नाही. मुलगा म्हणून अखेरची सेवा या भावनेने अग्नी देण्यात त्यांना अडचण दिसत नव्हती. पिंडदान, पितरांना अर्पण, श्राद्धाचा संकल्प मात्र उपासना आहे, ती त्याला करता येणार नाही. त्यासाठी चुलतभावाला आधीच सांगून ठेवावं लागेल, ऐन वेळी स्मशानात नाही.

मग प्रश्न सुटतच गेले. गणपतीला घरी जाऊ का? जा. आरतीचं ताट हातात घेऊ का? नको. प्रसाद? इथे फादरांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा आणि दहावा अध्याय काढला. समोर वाढलेलं चौकशी न करता खा, पण कुणी 'हे देवाला दाखवलेलं आहे' असं मुद्दाम सांगितलं तर त्या सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नकोस, असं पौलाने लिहिलं आहे. नियम इतका बारीक आहे की तो आईशी आधी बोलल्याशिवाय पाळताच येत नाही. तिने प्रेमाने पुढे केलेला मोदक त्या दिवशी पहिल्यांदाच नाकारला तर तिला तो आपला नकार वाटेल.

गावाकडच्या जमिनीचंही निघालं. धर्म बदलला म्हणून त्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६व्या कलमाप्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांची मालमत्ता वारसाने मिळत नाही, वारसा उघडताना ती मुलं स्वतः हिंदू असतील तरच मिळते. मृत्युपत्राने देता येते. हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही त्याला वकिलाकडे जायला सांगितलं. जमिनीसाठी श्रद्धा सोडावी असा त्यात अर्थ नव्हता, पण उद्या मुलांनी विचारलं तर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची वेळ येऊ नये.

"आईला सांगितलंस का?" सिस्टरांनी विचारलं.

नव्हतं सांगितलं. मुलगी ख्रिस्ती आहे एवढंच तिला ठाऊक होतं.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांची ताटातूट आली. पुढे त्या स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या, पण मधल्या वर्षांची किंमत त्यांनी भोगली. मराठी ख्रिस्ती माणसाला हे माहीत असूनही आपण अजून घरच्यांना शेवटी सांगतो, आणि बाप्तिस्म्यापूर्वीची ही सगळ्यात मोठी चूक आहे असं माझं ठाम मत आहे. आईची परवानगी लागते असं नाही. प्रौढ माणसाला ती लागत नाही. पण जो घरी सांगू शकत नाही, त्याचा निर्णय अजून झालेला नसतो.

निर्णय त्यानेच घेतला. या ईस्टरला बाप्तिस्मा नको, लग्न सूट घेऊन करतो, आणि वर्ग सोडणार नाही. काकांना आत बोलावून ते सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. फादरांनी त्यांना शांतपणे समजावलं की दीक्षार्थी हा चर्चशी आधीच जोडलेला असतो. तो असाच वारला तरी त्याचा अंत्यविधी चर्चमध्ये होतो. पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला तर लग्न पुन्हा लावावं लागत नाही.

त्याच संध्याकाळी कागदांची यादी दिली. मुलीचा नव्याने काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला, मुलाचं अविवाहित असल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र, दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, विवाहपूर्व वर्गाचं प्रमाणपत्र, मुलीने सही केलेलं वचनपत्र. अर्ज फादर बिशप हाउसला पाठवतात. उपवासकाळात तिथे गर्दी असते, म्हणून दुसऱ्याच दिवशी आणायला सांगितलं.

लग्न मिस्सेविना झालं. आई आली होती, पहिल्या बाकावर बसली. त्याने तिला बाप्तिस्म्याबद्दल सांगितलं ते त्यानंतर, जूनमध्ये. ती बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. गणपतीला मात्र तिने स्वतःच निरोप पाठवला की ये, पूजेला पुतण्या बसेल.

आता त्याला वेगळा धर्मपिता दिला आहे, सासरशी काही संबंध नसलेले एक निवृत्त शिक्षक. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे त्याच्याबरोबर कराडला जाऊन आईला भेटले आणि तिचे प्रश्न लिहून आणले. त्यातल्या दोनांची उत्तरं फादरांनी द्यायची आहेत, जमिनीचं वकील पाहतोय. यंदाच्या शनिवारी तो पुन्हा आमच्यासमोर बसेल.