नव्या संचात

गावातल्या व्हिडिओ लायब्ररीत ‘किकबॉक्सर’ या मारामारीच्या इंग्रजी चित्रपटाचा पहिला भाग कधीच मिळायचा नाही. “बाहेर गेलीये,” काउंटरवरचा पोरगा मान वर न करता सांगायचा. ती कॅसेट बहुधा कुणाच्या तरी घरी घरजावई होऊन राहिली असावी. मग तो फळीवरून दुसरा भाग काढून पुढे सरकवायचा. “हा न्या. फायटिंग यात जास्त आहे.”

मे महिन्यात आत्याकडे आम्ही आठ-नऊ भावंडं जमायचो. वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि सकाळी तो परत करायच्या आत तीन कॅसेटी संपवायच्या, असा नेम होता. एक हिंदी, मोठ्यांसाठी. ती संपली की मोठी माणसं गच्चीवर झोपायला जायची आणि मग आमचा ‘फायटिंगचा पिक्चर’ लागायचा. त्यामुळे अमेरिकेतल्या स्लोन घराण्याशी माझी ओळख झाली ती चुकीच्या टोकाकडून. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा थोरले दोघे भाऊ आधीच मेलेले असतात. पहिल्या भागात हरलेल्या टाँग पो या खलनायकाने सुडापोटी त्यांना गोळ्या घातलेल्या असतात. आता धाकटा डेव्हिड जिम चालवतो, पैशांची चणचण आहे, पोरं त्याला मानतात, मग गुंड जिम पेटवतात वगैरे वगैरे. भाऊ गेल्याचं दुःख आम्हाला शून्य होतं. आम्ही त्यांना पाहिलंच कुठे होतं?

पहिला भाग बऱ्याच वर्षांनी केबलवर एकदाचा लागला. तो मी फायटिंगसाठी कमी आणि डेव्हिडला शोधण्यासाठी जास्त पाहिला. थोरला एरिक बँकॉकच्या रिंगणात कायमचा अपंग होतो. मधला कर्ट त्याच्यासाठी जिवावर उदार होतो, जंगलात गुरू शोधतो, हाताला दोर गुंडाळून त्यावर काचा लावून लढतो. आणि धाकटा? भिंतीवर फोटो नाही, एक फोन नाही, घरी पत्र नाही. एवढं रामायण घडतं, पण आपल्याला पाठचा एक भाऊ आहे हे दोघांपैकी एकाच्याही तोंडून निघत नाही.

अर्थात तो नव्हताच. पहिला भाग १९८९चा, ज्याँ-क्लॉड व्हॅन डॅमचा. १९९१मध्ये दुसरा आला तोवर व्हॅन डॅम मोठ्या चित्रपटांकडे वळला होता. निर्मात्यांच्या हाती काय उरलं, तर नाव, खलनायक आणि म्हातारा गुरू. नायक तेवढा नव्हता. अशा वेळी पटकथाकार काय करतो? भाऊ काढतो. भाऊ ही फार सोयीची जागा आहे. त्याला सूड घ्यायला वेगळं कारण द्यावं लागत नाही, आडनाव तेच राहतं आणि पोस्टरवरचं चित्रपटाचं नावही. ही पटकथा लिहिणारा डेव्हिड गॉयर पुढे ‘बॅटमॅन बिगिन्स’चा एक लेखक झाला. हात कुठे बसवावा लागतो हे कुणी सांगावं.

आपल्याला खरं म्हणजे याचं नवल वाटायला नको. रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडलं की एखाद्या जुन्या नाटकाखाली ‘नव्या संचात’ असं छापलेलं असतंच. पण आपल्या नाटकवाल्यांनी कधी असं केलं नाही, की आधीचा नट सोडून गेला म्हणून त्याची भूमिकाच मारून टाकली आणि दुसऱ्या अंकात त्याचा मावसभाऊ आणला. ते सरळ सांगतात, नट बदललाय, नाटक तेच आहे. कराटेपटांना मात्र हा सरळपणा जमत नाही. उलटही करतात. ‘अमेरिकन निंजा’च्या तिसऱ्या भागात मायकेल डुडिकॉफ गेला आणि डेव्हिड ब्रॅडली आला. चौथ्यात दोघेही होते. १९९३च्या पाचव्यात ब्रॅडली आहे, चित्रपटाचं नाव तेच आहे, पण त्याचं पात्र भलतंच कुणीतरी आहे. पोस्टरवर तोच चेहरा आणि पडद्यावर ‘तो मी नव्हेच’!

पण या भाऊ-प्रकरणाचा कळस झाला तो ब्रूस लीच्या नावावर. ब्रूस ली गेला २० जुलै १९७३ रोजी. ‘गेम ऑफ डेथ’ अर्धवट राहिला होता. तो १९७८मध्ये तोतये वापरून पुरा केला, त्यात त्याच्या खऱ्या अंत्यदर्शनाची दृश्यं घातली आणि एका ठिकाणी तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचं कात्रण चिकटवून वेळ मारून नेली. ते कात्रण स्पष्ट दिसतं. खाली तोतयाचं धड हलतं आणि वर मुंडकं ढिम्म. एवढं झाल्यावर कुणालाही लाज वाटली असती. पण १९८१मध्ये दुसरा भाग आला. त्यात ब्रूस लीचे जुने, वापरात न आलेले तुकडे कामाला लावले. ते पुरेनात तेव्हा एका अंत्ययात्रेत हेलिकॉप्टर येऊन शवपेटीच पळवतं, नायक तिला लोंबकळतो आणि पडून मरतो. पुढे कथा कोण चालवतो? नायकाचा भाऊ. आठ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आणखी एकदा मारून त्याच्या जागी भाऊ बसवला. हे पाहताना हसू येतं आणि मग त्या हसण्याचंच जरा कसंतरी वाटतं.

तर या चित्रपटांचे दोष सांगायला बसलो तर सकाळ होईल. कथेत राम नाही. गुरू फक्त कोड्यात बोलतो. ‘किकबॉक्सर’चा तिसरा भाग उगाच ब्राझीलला जातो, पाचवा दक्षिण आफ्रिकेला. चौथ्यात टाँग पो मेक्सिकोत अमली पदार्थांचा बडा व्यापारी झालेला असतो आणि त्याचं काम भलताच नट करतो. पहिल्या दोन भागांतला टाँग पो होता मिशेल किस्सी, व्हॅन डॅमचा ब्रुसेल्समधला लहानपणचा मित्र. चेहऱ्यावर रंगभूषेचे थर चढवून त्याला थाई केलेलं. त्या थरांवर नवा नट बसवणं सोपं असणार, असा कुणाचा तरी हिशेब असावा. तो चुकला.

कारण किस्सीचा टाँग पो चेहऱ्यामुळे लक्षात राहिलाच नव्हता. पहिल्या भागात कर्ट ड्रेसिंग रूममध्ये डोकावतो, तेव्हा हा गडी पाठमोरा उभा राहून सिमेंटच्या खांबाला नडगीने लाथा मारत असतो. एकामागून एक, घाई नाही. प्रत्येक लाथेसरशी प्लास्टर झडतं. संवाद एकही नाही. कर्टच्या तोंडचं पाणी पळतं आणि आपल्याही. (आमच्या एका आतेभावाने हे पाहून दुसऱ्या दिवशी वाड्याच्या सागवानी खांबावर प्रयोग केला. आठ दिवस लंगडत होता. आत्याला सांगितलं, जिन्यावरून पडलो.)

हे लाथ प्रकरण मला अजून ओढून नेतं. या चित्रपटांत बाकी सगळं जुगाड असतं, भिंती पुठ्ठ्याच्या, पोलीस ठाणं एका टेबलाचं, पण पाय खरा असतो. मोठ्या चित्रपटातला नट दोन महिने शिकून आलेला असतो. मग कॅमेरा त्याच्या खांद्याला चिकटतो, दर सेकंदाला दृश्य तुटतं आणि कुणी कुणाला मारलं ते आवाजावरून समजून घ्यायचं. स्वस्तातल्या चित्रपटाला मुळात लढता येणारा माणूसच घ्यावा लागतो, कारण अभिनय येणारा परवडत नाही. कॅमेरा दूर उभा, माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत दिसतो, पाय कमरेतून वळून कानशिलाकडे जाताना आपण पाहतो. आणि ती लाथ खरंच चांगली बसली असेल तर तीच तीन बाजूंनी तीनदा दाखवतात. लोक याला हसतात. मला ती सुगरणीने चांगल्या जमलेल्या मोदकांचं ताट पुन्हा पुन्हा फिरवावं तशी वाटते.

या सगळ्या पसाऱ्यात एक मालिका मात्र मी मान देऊन पाहतो. ‘अनडिस्प्यूटेड’. पहिला भाग २००२चा, वॉल्टर हिलचा, तुरुंगातल्या मुष्टियुद्धाचा. वेस्ली स्नाइप्स, व्हिंग रेम्स अशी मोठी नावं. दुसरा आला २००६मध्ये, थेट डीव्हीडीवर. रेम्सचं पात्र मायकेल जाय व्हाइटकडे गेलं, म्हणजे इथेही नवा संच. पण त्यात रशियन तुरुंगातला बॉयका नावाचा खलनायक होता, स्कॉट अ‍ॅडकिन्स नावाच्या इंग्रज नटाने केलेला. चित्रण बल्गेरियात. दिग्दर्शक आयझॅक फ्लोरेन्टाइन, ज्याला कॅमेरा कुठे ठेवायचा ते कळतं. शेवटच्या लढतीत बॉयकाचा गुडघा मोडतो.

स्लोन घराण्याच्या नियमाने तिसऱ्या भागात नवा गडी यायला हवा होता, बॉयकाचा भाऊ तरी. २०१०मध्ये आला तो बॉयकाच, आणि नायक होऊन. सुरुवातीला तो तुरुंगातली घाण साफ करत असतो. गुडघा अजून बरा नाही. पुन्हा लढायला लागतो तेव्हाही तो गुडघा त्याला दगा देईल ही धाकधूक शेवटपर्यंत राहते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चक्क उठून बसलो. मागच्या भागात मोडलेलं हाड पुढच्या भागात दुखतंय! डेव्हिड स्लोनला आपले दोन भाऊ कसेबसे आठवायचे, आणि याला स्वतःचा गुडघा चार वर्षांनीही आठवतो. चौथा भाग २०१६चा. तो जरा रडका आहे, पण लाथा अव्वल.

मागच्या शनिवारी रात्री मोबाइलवर ‘किकबॉक्सर’चा पाचवा भाग पाहत पडलो होतो. बायको शेजारी पुस्तक वाचत होती. मध्येच डोकावली.

“हा कोण?”

“मार्क डॅकॅस्कस.”

“तसं नाही, पिक्चरमध्ये कोण? त्या मेलेल्याचा भाऊ ना?”

“नाही. तो मेलेला म्हणजे डेव्हिड. तोच भाऊ होता, आधीच्या दोघांचा. तोही गेला आता. हा घरातला नाही.”

तिने पुस्तक मिटलं, दिवा बंद केला आणि कूस बदलता बदलता म्हणाली, “त्यांच्या आईचं कुणी काही दाखवलंय का कधी?”

अंधारात मोबाइलवर डॅकॅस्कसने हवेत गिरकी घेतली. लाथ बसली. मग डावीकडून बसली. मग वरून.