काकू, घोडी हाय का घरी?

गेल्या दिवाळीआधी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराला रंग द्यायला आलेल्या पेंटरने दारातूनच विचारले, "काकू, घोडी हाय का घरी?" माझा सहा वर्षांचा नातू लगेच बाहेर धावला आणि गल्लीची दोन्ही टोके पाहून हिरमुसून परत आला. घोडी माळ्यावर होती. चुन्याच्या शिंतोड्यांनी पांढरी झालेली, एका पायाला सुतळी गुंडाळलेली, चढून रंग द्यायची, लाकडाची.

माझ्या तंबोऱ्यातही एक घोडी आहे. चारही तारा तिच्या पाठीवरून जातात आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना तिच्यावर तारेखाली सुताचा धागा सरकवावा लागतो. पाठीवर भार घेऊन उभे राहणे एवढ्याच गुणावर या दोन वस्तूंना हे नाव मिळाले असावे. चित्रकाराच्या ईझललाही आपण घोडीच म्हणतो; त्यातली गंमत अशी की ईझल हा शब्द ज्या डच शब्दावरून आला, त्याचा अर्थ गाढव! बुद्धिबळातला घोडा निदान उडी तरी मारतो. बंदुकीचा घोडा मात्र या हिशेबात बसत नाही.

घोडा हा शब्द तसा उशिरा आलेला. ऋग्वेदात घोडा नाही, अश्व आहे, आणि फारसीतला अस्प व लॅटिनमधला एक्वस ही त्याचीच भावंडे. घोट, घोटक ही रूपे संस्कृतात नंतर दिसू लागतात. कन्नड कुदुरे आणि तमिळ कुदिरै यांच्याशी त्यांचे नाते काही अभ्यासकांनी जोडले आहे. मूळ काही असो, बोलीत बाजी घोट याने मारली आणि अश्व पोथीत, अश्वगंधेत व अश्वशक्तीत उरला.

नागपूरकराला याहून जवळचा शब्द म्हणजे बारगीर. फारसीत त्याचा अर्थ ओझे वाहणारा, म्हणजे जनावरच. मराठीत मात्र सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला ते नाव पडले. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा 1740च्या दशकात बंगालवर चालून गेल्या, 1751च्या तहाने वर्षाला 12 लाख रुपये चौथाई ठरली, आणि बंगालीत या स्वारांचे 'बर्गी' झाले. तिथल्या अंगाईगीतात बाळाला अजून त्यांचीच भीती घालतात. आमच्या गल्लीपासून भोसल्यांचा वाडा हाकेच्या अंतरावर असल्याने हे वाचताना मला थोडे अवघडल्यासारखेच होते.

शिलेदाराचा घोडा लढाईत पडला, की त्याची रोजी आणि पत दोन्ही जात. "मी तुझे काय घोडे मारले?" या प्रश्नातला कळवळा तिथूनच आला असावा, असे मला वाटते. घोडचुकीतला घोड मात्र नुसता थोरपणा दाखवतो, आणि घोडनवरीतला तर सरळ टोमणा मारतो. माझे लग्न एकोणतिसाव्या वर्षी झाले, तेव्हा तो शब्द मी पंगतीत ऐकला होता. वाढपी थांबला होता आणि मठ्ठा पानात सांडला होता.

पेंटर गेल्यावर नातवाने घोडी माळ्यावर चढवू दिली नाही. सध्या ती अंगणात आहे, आणि सुतळीच्या पायाशी रोज सकाळी मूठभर हरभरे पडलेले असतात.