चोरलची चिलटं

मे महिन्यात पहाटेच सायकल गाडीवर टाकून इंदूरहून निघते, ऊन तापायच्या आत चोरलच्या पायवाटा गाठायला. चढावर वेग पायी चालण्याइतका होतो आणि तिथेच, पाण्याकाठच्या ओल्या चिखलाजवळ, चिलटं धरतात. जेमतेम 1 ते 3 मिलिमीटरचा जीव! पण हेल्मेटच्या पट्ट्याखाली चावला की मला चार-चार दिवस खाज सुटते. चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. उडण्यात मात्र दुबळी. जरा वारा सुटला की गायब. म्हणून पंक्चर झालं तरी मी आधी सायकल ढकलत उघड्या टेकाडावर नेते, मगच ट्यूब काढते. आई खोबरेलात कडुनिंबाचं तेल कालवून देते. घामाने ते लवकर उतरतं, पुन्हा लावावं लागतं. मुक्कामाला साधी मच्छरदाणी नेऊ नका, तिच्या छिद्रांतून ही आत शिरतात.