तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी घरात झुलू युद्धाचे शिपाई कशाला?

घरी येणारे बहुतेक पाहुणे काचेच्या कपाटापुढे रेंगाळतात आणि मग तोच प्रश्न विचारतात: मराठी माणसाने इंग्रजांचे खेळण्यातले शिपाई कशाला जमवावेत, आणि तेही दूर दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांशी लढलेले? प्रश्न रास्त आहे.

उत्तर देताना मी आधी सर बार्टल फ्रियर या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव घेतो. 1848 साली सातारचे राज्य खालसा झाले तेव्हा तिथला रेसिडेंट हाच गृहस्थ होता. 1862 ते 1867 या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता आणि फोर्टची तटबंदी त्याच्याच कारकिर्दीत पाडली गेली. पुढे दक्षिण आफ्रिकेत हाय कमिशनर म्हणून गेल्यावर डिसेंबर 1878 मध्ये त्याने झुलूंचा राजा सेत्श्वायो याला निर्वाणीचा खलिता धाडला आणि तीस दिवसांत झुलूंची लष्करी व्यवस्था मोडीत काढण्याची अट घातली. कोणताही राजा अशी अट मान्य करणार नव्हता, आणि फ्रियरला हे कळत नसेल असे मानायला मी तयार नाही. अफगाणिस्तानात गुंतलेल्या लंडनच्या सरकारला त्या वेळी आणखी एक युद्ध नको होते. तरीही 11 जानेवारी 1879 रोजी इंग्रज सेनापती लॉर्ड चेम्सफर्डच्या फौजा झुलू मुलखात शिरल्या. ज्या माणसाने आमच्या सातारच्या गादीचा शेवट जवळून पाहिला, त्यानेच पेटवलेले हे युद्ध मला परके वाटत नाही.

मात्र बाजारात या युद्धाचे जे शिपाई मिळतात, त्यांत फ्रियरचे युद्ध दिसतच नाही. दिसते ती रॉर्क्स ड्रिफ्ट या इंग्रजांच्या नदीकाठच्या ठाण्यावरची एक रात्र. 22 जानेवारीच्या दुपारपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत, आजारी धरून जेमतेम दीडशे माणसांनी मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून तीन ते चार हजार झुलूंना थोपवून धरले, आणि त्याबद्दल अकरा व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांची शौर्याची सर्वोच्च पदके, दिली गेली. 1964 साली त्यावर इंग्रजी चित्रपट निघाला आणि तेव्हापासून हा प्रसंग खेळण्यांच्या कारखानदारांना पुरून उरला आहे. त्याच दिवशी थोडे आधी काही मैलांवर, इसांडलवाना डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे वीस हजार झुलूंनी इंग्रजांची अख्खी छावणी कापून काढली होती आणि तिथे इंग्रजांच्या बाजूची तेराशेहून अधिक माणसे पडली होती, हे खोक्यावरच्या चित्रातून कुणाला कळणार?

ब्रिटन्स या लंडनच्या कंपनीने 1893 पासून पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे आणि आतला भाग घट्ट होण्यापूर्वी उरलेले बाहेर काढायचे, म्हणजे बाहेरचे कवच तेवढे राहते, शिसे कमी लागते आणि खेळणे स्वस्त पडते. त्यांच्या झुलूंचा जुना संच माझ्याकडे आहे. सगळे एकाच पवित्र्यात धावणारे, सगळ्यांच्या अंगाला एकच चकचकीत काळा रंग. त्यांच्यात ना वय दिसते, ना हुद्दा, ना पलटण. वस्तू म्हणून मला तो संच फार आवडतो. इतिहास म्हणून मात्र तो निव्वळ बनाव आहे.

माझा सगळा खटाटोप तिथूनच सुरू होतो. झुलू सैन्यात समवयस्कांच्या पलटणी असत, ढालींची कातडी राजाच्या कळपांतून येत आणि त्यांच्या रंगावरून पलटण ओळखता येई. तरुणांच्या ढाली सहसा गडद आणि वयस्क, लग्न झालेल्या पलटणींच्या पांढऱ्या. रॉर्क्स ड्रिफ्टवर चालून गेलेल्या उथुल्वाना पलटणीतले लोक चाळिशी ओलांडलेले होते. इसांडलवानाला ते राखीव होते, प्रत्यक्ष लढाईत उतरलेच नव्हते, आणि नाताळ या इंग्रजांच्या वसाहतीच्या हद्दीत शिरू नका असा राजाचा हुकूम असताना राजाचाच भाऊ दाबुलामांझी त्यांना नदीपार घेऊन गेला. म्हणून माझ्या उथुल्वानांच्या डोक्यावर विवाहितांचे काळे कडे आहे, ढाली पांढऱ्या आहेत आणि काहींच्या हातात बंदुका आहेत. कारखानदार आवडीने लावतात ते पिसांचे भरगच्च तुरे मी कापून टाकले, कारण तो साज समारंभाचा होता आणि लढाईला जाताना त्यातला बराचसा घरीच ठेवला जाई.

इंग्रजांच्या बाजूलाही असेच. चोविसाव्या पलटणीच्या लाल डगल्याच्या बाह्यांना हिरवी पट्टी होती, ती मी शूराच्या शेल्यासारखी जपतो. पण दुकानातून येणारी पांढरीशुभ्र हेल्मेटे मात्र तशी ठेवत नाही. उन्हात ती दुरून चमकत, म्हणून शिपाई ती चहात नाहीतर कॉफीत बुडवून मळवत. पातळ तपकिरी रंगाचा एक हात पांढऱ्यावरून फिरवला आणि कडेला थोडा जास्त साचू दिला, की तो डाग बरोबर उतरतो. मक्याची पोती मी एम-सीलची करतो. ओले असतानाच त्यावर मलमलीचा तुकडा दाबला की तागाची वीण उमटते.

कपाटाबद्दलही विचारतात, म्हणून सांगतो: लाकडी नको. लाकडातून, विशेषतः ओकमधून आणि भुसा दाबून केलेल्या स्वस्त फळ्यांतून, आम्लाची वाफ सुटत राहते. त्यात मुंबईची दमट हवा, मग जुन्या शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई आतून खचत जातो. काच, धातू आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढे पुरे. आणि लहान मुलांच्या हाती हे देऊ नये. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे वेगळे आणि शिशाची बाहुली वेगळी.

सध्या काम चालू आहे ते इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या आफ्रिकी तुकडीचे. इसांडलवानाला मेलेल्यांत चारशेहून अधिक माणसे नाताळमधली आफ्रिकी होती. त्यांच्यातल्या बहुतेकांना धड गणवेशही नव्हता, डोक्याला बांधलेली लाल चिंधी हीच ओळख, आणि बंदूक दहातल्या एखाद्याकडेच. अशी माणसे तयार संचांत मला फारशी सापडली नाहीत. म्हणून स्वस्त प्लॅस्टिकचे झुलू घेऊन त्यांची कडी तासून काढतो, खांद्यावर टिश्यू पेपरची घोंगडी चिकटवतो आणि चिंधी रंगवतो. छावणीच्या देखाव्यात त्यांची रांग लाल डगल्यांच्या शेजारीच, पुढच्या काचेला लागून येणार आहे, आणि त्यासाठी इंग्रजांचे दोन तंबू मागे सरकवावे लागतील.