आकाशदर्शनासाठी वाळूजहून म्हैसमाळला जाऊ नका

म्हैसमाळच्या तंबू-पॅकेजला माणशी १,८०० रुपये. त्यात तंबू, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे आणि ‘दुर्बिणीतून आकाशदर्शन’. दुर्बिणीचे १०० रुपये वेगळे, हे तिथे पोचल्यावर कळलं. दुर्बीण म्हणजे खेळण्यांच्या दुकानात मिळते तसली, तिवईचा एक पाय चिकटपट्टीने बांधलेला. ज्या पोराच्या हातात ती होती त्याला व्याध कुठला आणि विमान कुठलं हे सांगता येत नव्हतं. तंबूंच्या मधोमध दोन एलईडी फोकस, आणि साडेअकरापर्यंत डीजे. फोकस बंद करा म्हटलं तर तंबूवाला म्हणाला, "बायका-पोरं असतात सर, सेफ्टीचा प्रश्न आहे." बरोबर आहे. मग जाहिरातीत आकाशगंगेचा फोटो कशाला? या पॅकेजांच्या तारखा शनिवार बघून काढतात, तिथी कुणी बघत नाही. डोंगराकडच्या त्या तंबूवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशीच सगळी परिस्थिती आहे.

पैसे गेले ते गेले. खरी गोची दिशेची आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, बजाजनगर, रांजणगाव, तीसगाव या बाजूला राहणाऱ्या कुणालाही विचारा, तारे बघायला कुठे जावं? उत्तर ठरलेलं: म्हैसमाळ. साडेतीन हजार फूट उंची, थंड हवा, शहरापासून लांब. सगळं खरं. पण नकाशा उघडा. म्हैसमाळहून आपली एमआयडीसी ठीक दक्षिणेला येते आणि शहर आग्नेयेला. आणि मराठवाड्यातून बघण्यासारखं जे खास आकाश आहे ते नेमकं दक्षिणेलाच आहे. अगस्त्य हा ठळक तारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर चढतो. हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठीसुद्धा नाही. त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा तो क्रूस, तर एका मुठीच्या आसपासच रेंगाळतो. दिल्लीकरांना अगस्त्य याच्या निम्माच वर दिसतो आणि त्रिशंकूचा खालचा तारा तिथे उगवतच नाही. म्हणजे जे आपल्याला फुकट मिळालंय तेवढंच आपण आपल्या उजेडात घालवतो. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गाडी हाणायची आणि समोर बघायचं काय, तर आपल्याच कंपनीच्या लाइटी.

तेव्हा शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला टाका. वाळूजकरांसाठी याचा अर्थ पैठणकडे, नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, उत्तर काठ. समोर दक्षिणेला मैलोन्‌मैल पाणी, आणि पाण्यावर हायमास्ट बसवायला अजून कुणाला आमदार निधी मिळालेला नाही.

हायमास्टवर जरा बोलायलाच हवं. इंटरनेटवर प्रकाश प्रदूषणाचे जे रंगीत नकाशे मिळतात ते उपग्रहाने वरून मोजलेल्या उजेडावर बेतलेले असतात. त्यांवरून बॉर्टलची श्रेणी काढतात: १ म्हणजे गडद अंधार, ९ म्हणजे शहराचा मध्य. पहिली चाळणी म्हणून ठीक. पण नकाशावर गडद दिसणाऱ्या वाडीत, देवळापुढे, बारा मीटरच्या खांबावर पांढरेफटक दिवे लागलेले असतात आणि त्या एका खांबाने तुमची रात्र संपते. नकाशावर विसंबून थेट रात्री जाऊ नका. दिवसा जाऊन खांब मोजून या, मग अंधार पडल्यावर कृत्तिकांच्या पुंजक्यातले तारे मोजा. नुसत्या डोळ्यांनी चार-पाचच ताऱ्यांवर गाडी अडली तर दुसरी जागा बघा. सहा-सात सहज सुटे दिसले तर बसा. मात्र मोजण्याआधी अर्धा तास मोबाइल खिशात ठेवा, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

आता रस्ता. लिंक रोडने नक्षत्रवाडी गाठायची आणि पैठण रस्ता धरायचा. चितेगाव, बिडकीन मागे पडेपर्यंत औद्योगिक वसाहतीचा उजेड पाठ सोडत नाही, त्यामुळे आधीच कुठेतरी थांबून ‘इथंच बरं आहे की’ म्हणण्यात अर्थ नाही. ढोरकीनच्या पुढे उजवीकडे पाण्याच्या दिशेने वळायचं. इथवर डांबर आहे, तक्रार नाही.

शेवटचे तीन किलोमीटर मात्र आयुष्यात विसरणार नाही. पाणंद म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांनी काळ्या मातीत पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, आणि मधला उंचवटा असा की छोट्या कारचा ऑइल चेंबर बरोबर त्यावर टेकतो. आमच्यातल्या एकाचा टेकलाच. डिसेंबर आहे, कोरडं असेल, हा हिशेब इथे चालत नाही. शेतीच्या पंपाला लाइट बऱ्याचदा रात्रीची येते, लोक रात्रीच गव्हाला पाणी देतात, दारं धरताना पाट फुटला की पाणी थेट पाणंदीत. मग मडगार्डमध्ये माती पुरणासारखी गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. काडीने उकरायची, दहा फूट जायचं, परत उकरायची. कार डांबरावरच्या शेवटच्या वस्तीवर विचारून लावा आणि पुढे चालत जा. सामान पाठीवर मावेल एवढंच घ्या. मोटारसायकल जाते, पण मागे बसणाऱ्याला उतरावं लागतं. इथे जीप नेऊन शायनिंग मारणारेही पाहिले. त्यांना बाहेर काढायला ट्रॅक्टरवाल्याने ८०० रुपये घेतले, आणि ते मला तरी वाजवी वाटले.

पण जीवाला खरा धोका पाणंदीचा नाही, मुख्य रस्त्यावरच्या ट्रॉल्यांचा. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर धावतात. मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर मातीने झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि गाणी एवढ्या जोरात की हॉर्न ऐकू जाणं शक्यच नाही. अंधार पडल्यावर पन्नासच्या वर गाडी चालवू नका. हे मी हात जोडून सांगतोय.

काठावर थेट उतरून मुक्काम ठोकायचा विचार सोडा. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात परदेशी पाहुणे उतरलेले असतात, आणि पाण्यालगत विजेऱ्या नाचवायचं काम नाही. काठापासून जरा वर, कुणाच्या तरी मोकळ्या रानात, विचारून बसा. विचारून म्हणजे खरंच विचारून. २०२४ च्या पावसाळ्यात गावोगाव रात्रीच्या ड्रोनच्या बातम्यांनी लोक हैराण झाले होते. तेव्हापासून रात्री अनोळखी माणूस दिसला की आधी काठी येते आणि मग प्रश्न. गावच्या पोलीस पाटलांना आधी फोन करून ठेवा. तारे दाखवायचा हिरवा लेझर घरीच ठेवा.

आम्ही सांगून गेलो होतो, तरी नवाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ विजेरी रोखत आलेच. तिवईवर दुर्बीण बघून जागीच थबकले.
"मोजणी करायलेत का? रात्रीची?"
"नाही मामा, तारे बघतोय."
"मंग ह्ये मशीन कशाला? मागं असल्याच मशीननं मोजलं अन् रान गेलं आमच्या भावकीचं."
त्यांना मृगातल्या तलवारीचा तेजोमेघ दाखवला. डोळा लावून बराच वेळ बघितलं, मग दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन काचेवर काही चिकटलंय का ते बोटाने चाचपून आले. काचेवर बोटाचा ठसा उठला तो अजून आहे. नंतर स्वतःच विजेरी विझवली आणि गावात कुणाकुणाचं रान कशात गेलं ते आम्हाला तासभर ऐकवलं.

जागेचा निकाल: उत्तम. वाळूजपासून तासा-दीड तासावर याहून चांगलं दक्षिण क्षितिज मला माहीत नाही. डिसेंबरच्या मध्यात खरा अंधार सव्वासातला पडतो. साडेसातला देवयानी दीर्घिका डोक्याच्या जरा उत्तरेला असते, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची, आणि इथून ती नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. दहाच्या पुढे अगस्त्य पाण्यावर येतो. तो दिसला तेव्हा थंडी, पाणंद, चेंबर, सगळं वसूल झालं असं वाटलं. त्या भरात मी सोबतच्यांना ‘दर अमावस्येला यायचं’ असं बोलून गेलो, तिकडे लक्ष देऊ नका. उत्तरेकडे शहराचा उजेड चांगला दोन मुठी वर येतो, ध्रुव त्यातच बुडतो. पूर्वेला पैठणच्या कारखान्यांचा उजेड. तिकडे पाठ करा.

पाण्याचा एक तोटा म्हणजे दव. दहानंतर सगळं ओलं होतं, काचेवर धुरकट थर बसतो. दुर्बिणीच्या तोंडाला काळ्या पुठ्ठ्याची वीतभर लांब नळी बांधा, फरक पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठी दुर्बीण आणूच नये. १० बाय ५० ची द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी बघायची, दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण) आणि पाठ टेकायला सतरंजी यात जास्त बघून होतं. विजेरीला लाल जिलेटिन कागद, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट. घोणस थंडीतही फिरते. आणि उसाच्या कडेला अजिबात बसायचं नाही, पैठण तालुक्यात बिबट्याचा वावर आहे. चौघांपेक्षा कमी असाल तर जाऊच नका.

तिथीचा हिशेब सोपा आहे. संध्याकाळचं आकाश हवं तर वद्य अष्टमी ते शुद्ध चतुर्थी. त्यानंतर चंद्र मध्यरात्रीपर्यंत डोक्यावर बसतो. महिन्यांत नोव्हेंबरअखेर ते मार्च. एप्रिल-मे मध्ये धुळीने क्षितिज मळतं, तरी अवकाळी पाऊस पडून गेल्यावरची रात्र सोडू नका.

बाकी ठिकाणांबद्दल विचारणा होते म्हणून. देवगिरी आणि वेरूळ: रात्री बंद, विषय संपला. गौताळा: अभयारण्य आहे, रात्री आत सोडत नाहीत आणि सोडू नयेच. बीड-पाटोद्याकडचा बालाघाट: अंधार झकास, पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात पण लाल उजेड डोळ्यांना फारसा बाधत नाही, वाळूजहून मात्र एका रात्रीत जाऊन येण्यासारखं नाही. औंढा नागनाथ: तिथे लायगो होतंय म्हणून दुर्बिणीतून तारे दाखवतील असं समजून निघू नका. ते गुरुत्वीय लहरी मोजण्याचं यंत्र आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, डोळा लावायला काही नाही. लातूरकडचा शेजारी येळवशीला गावी बोलवत असेल तर डोळे झाकून जा. मार्गशीर्षातली अमावस्याच असते ती, दिवसभर रानात भज्जी-आंबील आणि रात्री तिथेच. आम्ही गेलो, मजा आली, लिहिण्यासारखी अडचण एकही आली नाही.

त्रिशंकू बघायचाच असेल तर नाथसागरावर फेब्रुवारीच्या मध्यात अमावस्येच्या आसपास जा, पण संध्याकाळी नको. घरी झोप काढा, एकला निघा. पहाटे साडेतीनच्या सुमाराला तो बरोबर दक्षिणेला उभा असतो आणि पाऊण तासाने त्याच्या डावीकडे, जरा वर, नरतुरंग तारकासमूहातला मोठा तारकागुच्छ द्विनेत्रीतून कापसाच्या गोळ्याएवढा दिसतो. चहा थर्मासमध्ये घरून न्या, त्या वेळेला रस्त्यात काही उघडं नसतं. ट्रॉल्या मात्र तेव्हाही चालू असतात.